शनिवारची खळ

माझी नणंद देवाला मानत नाही, दैवाला मानत नाही आणि डॉक्टरला तर मुळीच मानत नाही. ती फक्त कागदाला मानते. आता माणसानं कशाला मानावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण सिंगापुरात राहून कागदाला मानायचं म्हणजे कोळशाच्या वखारीत पांढरी साडी नेसून वावरण्यासारखं आहे. इथली हवा बारा महिने दमट. बिस्किटं बंद डब्यात मऊ पडतात, मीठ बरणीतून पडायला तयार नसतं आणि चांगलं ताठ पुस्तक टेबलावर ठेवलं तर दोन दिवसांत ते पापडासारखं वळायला लागतं. अशा गावात ही बाई स्वतःच्या हातानं कागद बनवते, त्यावर ठसे उमटवते, त्याची पुस्तकं शिवते आणि एवढ्यावर न थांबता हे सगळं लोकांना शिकवते. सोमवार ते शुक्रवार ती विद्यापीठात संशोधक असते. केसापेक्षाही पातळ अशा कसल्याशा थरांवर तिचं काम चालतं, ते तिनं मला बरेचदा समजावलं आहे आणि मी बरेचदा मान डोलावली आहे. शनिवारी मात्र ती वुडलँड्सला तिच्या इमारतीखाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेत, कोपरापर्यंत लगद्यात बुडालेली असते. माझ्या मते ती खरी शनिवारचीच आहे. बाकीचे दिवस ती पगारासाठी दुसऱ्या कोणाचं तरी सोंग घेते.

कागदाच्या बाबतीत तिचा एक सिद्धांत आहे. ती म्हणते, प्रत्येक कागदाला कल असतो. त्यातले तंतू एका दिशेनं निजलेले असतात, त्या दिशेनं कागद सहज वाकतो आणि आडवा वाकवला की कुरकुरतो. पुस्तक बांधताना हा कल पुस्तकाच्या कण्याला समांतर पाहिजे, नाहीतर पुस्तक जन्मभर वाकडं. इथवर ठीक आहे. पण माझी नणंद हातात आलेल्या प्रत्येक कागदाचा कल बघते. हॉकर सेंटरमधली जेवणाची पावती, बँकेचं पत्र, माझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक, सगळं आधी कानाजवळ धरून हळूच वाकवते आणि मग वाचते. माझ्या मावसभावाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ती तिनं दोन्ही बाजूंनी वाकवली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "पत्रिकेची घडी कलाच्या विरुद्ध घातली आहे. संसारात कुरकुर राहणार." संसारात कुरकुर आहे हे खरं, पण ती कोणाच्या नाही? मी तसं म्हटलं, तर तिनं माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "तुमची पत्रिका कोणी छापली होती?"

आम्ही टॅम्पिनीसला राहतो. वुडलँड्सपासून हे काही जवळ नाही, तरी तिचा अर्धा कारखाना माझ्या स्वयंपाकघरात आहे. कारण तिच्या मते माझ्या मिक्सरचं पातं तिच्या मिक्सरपेक्षा लगद्याला जास्त मानवतं. त्या मिक्सरमधून आजवर वर्तमानपत्रं, अंड्यांचे ट्रे, कांद्याची सालं, पांदानची पानं आणि माझ्या नवऱ्याचा एक जुना सुती शर्ट जाऊन आला आहे. चटणी मी हल्ली खलबत्त्यात करते. एकदा आमच्या इमारतीखालच्या फळवाल्यानं ड्युरियनच्या सालांचा ढीग फेकायला काढलेला हिनं पाहिला. फणसाच्या या थोरल्या भावाला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मज्जाव आहे, हे सिंगापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही दोन पिशव्या भरून स्टेशनवर गेली आणि तिथल्या माणसाशी हुज्जत घालू लागली, की मनाई फळाला आहे आणि ही तर नुसती सालं आहेत. तो बिचारा नाकाला हात लावून म्हणाला, "आंटी, फ्रूट कॅनॉट, स्मेल ऑल्सो कॅनॉट लाह." तेव्हा ती परत फिरली ती थेट माझ्या दारात. "तुझं घर इतकं जवळ असताना मी वुडलँड्सला कशाला जाऊ?" असं म्हणून तिनं ती सालं धुण्याच्या सोड्यात घालून माझ्या मोठ्या कुकरमध्ये शिजायला लावली. थोड्या वेळानं शेजारच्या मलाय काकू येऊन फार अदबीनं विचारून गेल्या, की तुमच्याकडे गॅस तर गळत नाहीये ना. माझी मुलगी शाळेतून आली, दारातूनच ओरडली, "आत्या, व्हाय लाइक दॅट!" आणि दप्तरासकट मैत्रिणीकडे निघून गेली. कागद मात्र अप्रतिम निघाला, हे मी कुकर गमावलेली बाई सांगते आहे. बदामी रंगाचा, चिवट, हाताला उबदार लागणारा. माझ्या वाढदिवसाला तिनं त्याचं ग्रीटिंग करून दिलं. ते मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं आहे, थोडं प्रेमानं आणि थोडं वासामुळे.

ओली पुस्तकं सपाट वाळावीत म्हणून बाइंडर लोक ती शिकंज्यात दाबून ठेवतात. माझ्या नणंदेकडे लोखंडी शिकंजा आहे, पण तो तिच्या घरी. टॅम्पिनीसला आली की ती भावाला वापरते. माझा नवरा अंगानं भरदार आहे, आणि लहानपणापासून थोरल्या बहिणीचं ऐकायची त्याला सवय आहे. दोन फळ्यांच्या मध्ये पुस्तकांची चवड, वर उशी आणि उशीवर माझा नवरा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचं. तो त्याच आसनावरून ऑफिसच्या मीटिंगा करतो. एकदा त्याच्या साहेबानं त्याला पडद्यावर विचारलं, की तू आज इतका ताठ का बसला आहेस, तर मागून हिचा आवाज आला, "हलू नको रे, खाली कणा आहे." साहेबांना तो योगाचा प्रकार वाटला असावा.

तिनं लग्न केलं नाही. स्थळं पुष्कळ आली होती. त्यातलं एक तर अगदी जमल्यातच जमा होतं. इंजिनिअर, नागपूरचाच, स्वभावानं गरीब. बोलणी चालली असताना त्यानं टेबलावरचं मासिक उचललं आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलं. झालं. "माणूस चांगला आहे," असं तिनं घरी येऊन सांगितलं म्हणे, "पण तो पानं चाटतो." 

वर्गात तिला बघावं. चिनी आज्या, मलाय काकू, तमिळ आजोबा, दोन-तीन आपली मराठी पोस्टडॉक मंडळी, असे सगळे एप्रन बांधून उभे असतात आणि ही त्यांच्यामधून नागपुरी ठसक्याच्या सिंग्लिशमध्ये, म्हणजे वाक्यामागे 'लाह' लावायच्या इथल्या इंग्रजीत, बोलत हिंडत असते. "आंटी, डोन्ट अॅनीहाऊ फोल्ड! फर्स्ट सी द ग्रेन!" फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवताना कोणाचा दोरा सैल पडला, की ती तो एका झटक्यात उसवते आणि पुन्हा शिवायला लावते. रडवेला चेहरा केला तर सरबत देते, पण पुस्तक परत देत नाही. आणि तिची चूक? तिची चूक होतच नाही. एका बुद्धपौर्णिमेला, म्हणजे इथल्या वेसाकला, आमच्या मराठी बौद्ध कुटुंबांचा ईस्ट कोस्टला समुद्राकाठी मेळावा होता. तिथं वाटायला तिनं लिनोवर, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ पत्र्यावर, भूमिस्पर्श मुद्रेतला, उजवा हात जमिनीला टेकवलेला बुद्ध कोरला आणि खाली 'भवतु सब्ब मंगलं'. ठसा उमटला की उलटा येतो, म्हणून अक्षरं तिनं आरसा समोर ठेवून एकेक करून उलटी कोरली. त्या नादात चित्र उलटं करायचं राहून गेलं. अक्षरं झकास सुलट आली आणि बुद्धानं डावा हात जमिनीला टेकवला. मेळाव्यात एका वयस्कर काकांनी ते बरोबर हेरलं. "ताई, तथागतांचा डावा हात?"  हिनं चित्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही समोर बसून बघताय. त्यांच्या जागी बसून बघा." काका पुढचा सगळा वेळ हात उलटसुलट करून उजवं-डावं जुळवत होते. चूक तिनं आजतागायत कबूल केलेली नाही. मात्र पुढच्या शनिवारी तिनं नवा ठसा कोरला, आणि टॅम्पिनीसपासून वुडलँड्सपर्यंत घरोघर जाऊन जुनी चित्रं काढून घेतली आणि नवी दिली.

अशी ही बाई. एमआरटीच्या माणसाला न घाबरणारी, हवेतल्या ओलीला न घाबरणारी. पण एका माणसाला मात्र ती मनातून घाबरायची, आणि ते म्हणजे तिचे वडील, माझे सासरे.

बाबा नागपुरात एका छापखान्यात बाइंडर होते. हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं, कारण ते स्वतः 'छापखान्यात नोकरी' एवढंच म्हणत. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली आणि पुठ्ठ्यांना खळ लावली. त्यांच्या नखांत ती कायमची बसलेली असायची. माझी नणंद शाळेत असताना तिनं एकदा आपलं फाटलेलं पुस्तक चिकटवायला म्हणून चुलीवर वाटीभर खळ शिजवली. बाबा कामावरून आले, दारातच त्यांना वास आला. ते ओरडले नाहीत, हात उगारला नाही. वाटी उचलली, मोरीत ओतली आणि म्हणाले, "या घरात खळ शिजणार नाही. माझे हात गेले तेवढे पुरे." त्यानंतर त्यांनी पोरीला शिकवलं, अगदी डॉक्टरेटपर्यंत. ती पदवी मिळाली त्या दिवशी त्यांनी सूट घालून गल्लीत पेढे वाटले. आता अशा बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमची डॉक्टर झालेली मुलगी सातासमुद्रापार जाऊन दर शनिवारी खळच शिजवते, आणि तीही स्वखुशीनं?

म्हणून कोणी सांगितलंच नाही. फोनवर बाबा विचारत, "शनिवारी काय करतेस?" ती म्हणे, "क्लास असतो." यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि नागपुरात सगळ्यांना सांगून टाकलं, की सिंगापूरची युनिव्हर्सिटी माझ्या मुलीशिवाय शनिवारीसुद्धा चालत नाही. मी एकदा तिला म्हटलं, "ताई, सांगून टाका ना. रागावतील आणि विसरतील." तेव्हा ती नेहमीसारखी फटकन बोलली नाही. म्हणाली, "रागावले तर चालेल गं. त्यांना वाटेल की आपलं सगळं वाया गेलं. ते मला सहन होणार नाही." मग मी विचारलं, की इतकं आहे तर ही खळ तुम्हाला सुटत का नाही. "लहानपणी बाबा घरी आले की तो वास यायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तो बाबांचाच वास आहे."  मिक्सर तिला मी त्या दिवसापासून मनापासून देते.

सासूबाई गेल्यानंतर यंदा मे महिन्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. पहिला शनिवार हिनं आजारपणाच्या नावाखाली बुडवला. वर्गातल्या आज्यांनी हिच्या घरी सूप पाठवून दिलं. दुसऱ्या शनिवारी बाबांना ईस्ट कोस्टला समुद्र दाखवायला भावाच्या गळ्यात घातलं. पण बाबांनी तो समुद्र दुपारपर्यंत उरकला आणि संध्याकाळी फोनवर म्हणाले, "तुझ्या क्लासला मले एकदा ने. मी मागच्या बाकावर बसतो, आवाज नाही करत." ही म्हणाली, "बाबा, तिथं पास लागतो." सिंगापुरात राहायला, काम करायला, सगळ्यालाच पास लागतो, तेव्हा बाबांना ते पटलं. "मग काढ," ते म्हणाले.

तिसऱ्या शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बाबा सूट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून सोफ्यावर तयार. "सूनबाई, पास-बीस राहू दे. तिचा बाप आहे म्हणून सांगेन. मले तिच्या कॉलेजात घेऊन चल." मी घामाचं कारण सांगितलं, अंतराचं सांगितलं, गुडघ्याचंही सांगितलं. त्यांनी नुसते बूट वाजवले. शेवटी मी नणंदेला मेसेज टाकला, "बाबा निघालेत."  बऱ्याच वेळानं आलं, "येऊ दे." मग पुन्हा, "सूट?" मी लिहिलं, "हो. टायसुद्धा." 

गाडी बदलून आम्ही वुडलँड्सला पोचलो. गाडीत सगळे चड्डी-चपलांवर आणि मध्ये बाबा सुटात, कडी धरून ताठ उभे. कॉलेजच्या वयाचं कोणी चढलं की मला हळूच विचारत, "हा असेल का तिच्या वर्गातला?" स्टेशनबाहेर इमारतींमधून चालायला लागलो तेव्हा त्यांची नजर मोठं फाटक शोधत होती. मी मनात शब्द जुळवत होते. तिच्या इमारतीचा कोपरा यायच्या जरा आधी बाबा थांबले. हात खांबावर टेकला. त्यांनी श्वास आत घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, इथं खळ कोण शिजवून राहिलं?"

 ते चालायला लागले, आणि आता वाट तेच दाखवत होते.

व्हॉइड डेकवर वर्ग भरात होता. लगद्याचे टब, वाळत घातलेले कागद, एप्रन बांधलेली माणसं, आणि मध्ये विजेच्या शेगडीवर भांड्यात कलथा फिरवणारी माझी नणंद. पण तिच्याआधी आम्हाला गाठलं रेसिडेंट्स कमिटीच्या अंकलनी. सिंगापुरात सूट घालून शनिवारी इमारतीखाली जो येतो तो सरकारी पाहुणाच असतो, अशी त्यांची पक्की समजूत. आपल्याला कोणी कळवलं कसं नाही म्हणून ते घाबरेघुबरे झाले, खुर्ची आणली, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप आणला, "वेलकम सर, वेलकम" म्हणत बाबांसोबत दोन फोटोही काढून घेतले. बाबा त्या खुर्चीत बसले, पण नजर शेगडीवर.

नणंद पुढे आली. हात कोपरापर्यंत पांढरे, कपाळावरसुद्धा एक फराटा. तिची मान खाली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "बाबा," ती म्हणाली, "माझा क्लास हाच आहे." बाबा तिच्या पांढऱ्या हातांकडे बघत राहिले.  ती थोडा वेळ उभी राहिली, पण शेगडीवरची खळ बुडाशी लागायला आली होती आणि माणसं खोळंबली होती. ती वळली आणि शिकवायला लागली. आवाज नेहमीचाच होता, पण एका आंटीचा दोरा सैल पडलेला असताना ती तिला काही न बोलता पुढे गेली. तेव्हा मला कळलं, की हिचं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे आहे.

बाबांनी कोपी खाली ठेवली. एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईकडे बोट करून मला विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या." "आणि तो चष्मेवाला?" "हृदयाचे डॉक्टर आहेत, बाबा." "यांना इथं कोणी पाठवलं?" "कोणी नाही. हौसेनं येतात. नंबर लागायची वाट बघत बसतात." "हौसेनं?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू कोणी त्यांना अनोळखी गावाचं नाव सांगितलं होतं. मग ते उठले, हात पाठीमागे बांधले आणि डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन आपल्या इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, व्हाय यू आर डूइंग धिस?" डॉक्टर सुईतून दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "अंकल, हिअर आय मेक मिस्टेक, नोबडी डाय लाह." बाबांनी गंभीरपणे मान हलवली. उत्तर पटलं असावं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाईंनी एक धुतलेला एप्रन त्यांच्यापुढे धरला. "सर, यू ट्राय?" माझ्या नणंदेचा हात जागच्या जागी थांबला. बाबांनी एप्रनकडे पाहिलं, मग टेबलावरच्या खळीच्या वाटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे वळतील आणि चालू लागतील. पण ते सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "नो, मॅडम. आय हॅव डन इनफ. होल लाइफ, आय वॉज बाइंडर."

आमच्या घरात हा शब्द त्यांच्या तोंडून कोणीच कधी ऐकला नव्हता. तो त्यांनी टाय लावून, परक्या देशात, अनोळखी माणसांपुढे उच्चारला. आणि त्या माणसांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. "वाऽ! बाइंडर आह!" मुख्याध्यापिका बाई तर खुशीनं ओरडल्या, "सो टीचर लर्न फ्रॉम यू!" सगळे हातातली कामं टाकून बाबांच्या भोवती गोळा झाले. बाबा गोंधळले. टाळ्यांची त्यांना सवय नव्हती, आणि या कामासाठी तर नव्हतीच. टाळ्या थांबल्यावर ते मुलीकडे बघत म्हणाले, "नो, मॅडम. आय डिड नॉट टीच. आय स्टॉप्ड हर." आणि मग त्यांना इंग्रजी पुरेना, म्हणून मराठीत, "मी अडवलं होतं तिला. तरी पाहा, थांबली नाही."

यात राग नव्हता. थोडं आश्चर्य होतं, आणि मला खात्री आहे, थोडा अभिमानही होता. माझ्या नणंदेनं बाहीनं डोळे पुसले, त्यामुळे कपाळावरची खळ गालावर आली. मग तिला तिचा आवाज सापडला. "ओके, ओके, ऑल स्टँड देअर फॉर व्हॉट? पेस्ट गेटिंग कोल्ड!" ती गरजली, आणि मघाच्या त्या आंटीकडे जाऊन तिचा सैल दोरा एका झटक्यात उसवून टाकला. आंटीनं कपाळाला हात लावला. वर्ग पुन्हा रुळावर आला.

बाबांनी त्या दिवशी खळीला बोट लावलं नाही. त्यांना लावायचं नव्हतं आणि कोणी आग्रह केला नाही. वर्ग संपेपर्यंत ते खुर्चीवर बसून होते, कोट मात्र काढला होता. परत येताना नणंदही आमच्याबरोबर टॅम्पिनीसला आली. गाडीत दोघं शेजारी शेजारी बसली. तिच्या हातांवरची खळ वाळून तिचे पापुद्रे सुटत होते.

घरी पोचल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. या माणसानं कधी चहासुद्धा स्वतः केलेला मी पाहिलेला नाही. म्हणाले, "मोठं पातेलं कुठाय?" त्यात पाणी घातलं, गॅसवर ठेवलं, कोपर बुडवून कोमट झालं का बघितलं, चिमूटभर मीठ टाकलं. मग पातेलं दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, बाहेर नेलं आणि मुलीसमोर ठेवलं. "हात घाल यात. खळ वाळली की कातडी ओढते." तिनं हात घातले. बाबा तिच्यासमोर खाली बसले आणि तिचं एकेक बोट पाण्यात धरून अंगठ्यानं नखांतली खळ काढू लागले. दोघांनीही माना खाली घातल्या होत्या. माझा नवरा दारात उभा होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आई बाबांना असंच करायची. रोज, कामावरून आले की." आणि तो आत निघून गेला.

बाबा आता नागपुरात परतले आहेत. विमानतळावर त्यांनी मुलीला फार काही सांगितलं नाही. "शनिवार बुडवत जाऊ नको," एवढंच म्हणाले. ती बुडवत नाही. आंट्यांचे दोरे उसवले जातात, माझा नवरा उशीवर बसून मीटिंगा करतो, आणि परवा तिनं आमच्या इमारतीसमोरच्या केळीच्या झाडाकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून नवा कुकर आता मला लपवावा लागणार आहे. पण शनिवारी संध्याकाळी ती आमच्याकडे आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः पाणी तापवते आणि पातेलं घेऊन खिडकीशी बसते. तेवढा वेळ आम्ही कोणी तिच्याशी बोलत नाही, माझी बडबडी मुलगीसुद्धा नाही. बाबांनी धरली होती तशी ती एकेक बोट धरते, सावकाश चोळते, आणि पाणी पार गार झालं तरी हात बाहेर काढत नाही.